एकटीची लेकरं

राव्दनाने गब्बाच्या दोरीचे दोन वेढे मनगटाला मारले आणि तळ्याच्या काठावर पाय रोवून उभी राहिली. गब्बाही थांबला. पांढराशुभ्र, खच्ची केलेला, कळपातला सगळ्यात शहाणा रेनडियर तो. तो थांबला की कळप थांबतो आणि तो निघाला की निघतो. त्याच्या गळ्यातली घंटा एकदा वाजून गप्प झाली. त्याच्यामागच्या घसरगाडीत कातड्यांत गुरफटून तिचे वडील, आबा, बसले होते. सबंध वाटभर ते काही बोलले नव्हते.

समोर लांब तळं गोठून पडलं होतं. पलीकडच्या डोंगरात एक खोल खाच होती. ती ओलांडली की समुद्राकडची कुरणं लागतात, आणि तिथे पोचण्याआधी माद्या वाटेतच विऊ नयेत म्हणून तर ही दरवर्षीची धावपळ. थंडी ठीक होती, वारा ठीक होता, खाच जागच्या जागी होती. फक्त एकटी दिसत नव्हती.

एकटी म्हणजे बर्चचं झाड. राव्दनाच्या पणज्याच्या काळापासून या उघड्याबोडक्या काठावर ते एकच झाड होतं, म्हणून तिचं नाव एकटी. तिच्या मुळापासून पाण्याखाली खडीचा एक दांडा सुरू होतो आणि सरळ खाचेच्या रोखाने पलीकडे जातो. दांड्यावर पाणी जेमतेम गुडघाभर, त्यामुळे बर्फ पार तळापर्यंत गोठतो. त्यावरून अख्खा कळप गेला तरी हूं की चूं होत नाही. दांड्याच्या दोन्ही अंगांना मात्र ओढ्याचं पाणी वाहतं आणि बर्फाला खालून खात राहतं. वरून बघावं तर सगळं सारखंच पांढरं. म्हणून एकटीच्या बुंध्याला पाठ लावायची, नाक खाचेकडे करायचं आणि चालू लागायचं. घरातलं शेंबडं पोरसुद्धा हे सांगेल.

आता त्या काठावर झाडंच झाडं होती.

कमरेएवढी, डोक्याएवढी, डोक्याहून उंच. वाकडीतिकडी, पान नसलेली, एकमेकांत फांद्या घालून उभी. डावीकडे नजर पोचेल तिथवर आणि उजवीकडेही तेच. राव्दना इतकी वर्षं या वाटेने येत होती, पण मोठी झाल्यापासून कायम कळपाच्या मागे. मागून येणाऱ्याला काठ दिसत नाही, रेनडियरांची ढुंगणं दिसतात. झाडं वाढताहेत हे तिला ठाऊक होतं. कुणाला ठाऊक नव्हतं? हिवाळे नरमले तशी ती दरीतून वर चढत आली होती, दर उन्हाळ्यात थोडी थोडी, कुणाच्या नकळत. पण ती इथे येऊन एकटीला अशी गिळून बसली असतील, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. कळपाच्या पुढे चालायची तिची ही पहिलीच खेप.

कमरेच्या वॉकीटॉकीत खरखर झाली आणि माहत्तेचा आवाज आला. तिचा धाकटा भाऊ पार मागे, इंजिनाच्या बर्फगाडीवर, कळपाची शेपटी सांभाळत होता.

"ताई, काय झालं? थांबलीस का?"

"काही नाही रे. गब्बाचा पट्टा सैल झालाय. बांधते."

"लवकर बांध. ऊन चढतंय. एकदा हिम भिजलं की पोटापर्यंत रुततील सगळ्या, मग बस बोंबलत."

"बांधते म्हटलं ना!"

तिने बटण सोडलं. गब्बाचा पट्टा चांगला घट्ट होता.

गेल्या वर्षी पुढे आबा होते. राव्दनाचं मनगट मोडलं होतं म्हणून ती सामान घेऊन मोटारीने रस्त्याने गेली, त्यामुळे तिने काही पाहिलं नाही. ऐकलं मात्र इतक्या वेळा की पाहिल्यासारखंच झालं होतं. आबा काठावर क्षणभर थांबले आणि चालत सुटले. निम्म्या वाटेवर बर्फ खचला. पुढे चालणारा, गब्बाच्या आधीचा रेनडियर गेला, त्याच्यामागच्या गाभण माद्या गेल्या, आणि बाकीच्यांना वळवायला धावलेला माहत्ते बर्फगाडीसकट पाण्यात गेला. गाडी तळाला गेली. तिच्याबरोबर त्याचा फोन गेला, आणि इतक्या वर्षांच्या सगळ्या वाटा त्या फोनातच नोंदलेल्या होत्या. तो स्वतः स्कीच्या काठीला धरून कसाबसा वर आला.

आबा एवढंच म्हणाले होते, "विसरलो रे. भलत्याच झाडापाशी वळलो."

"विसरलात?" माहत्ते घोंगडीत कुडकुडत ओरडला होता. "चाळीस वर्षं जिच्या अंगाला अंग घासून गेलात, ती विसरलात? आईला गर्दीत ओळखत नाही का माणूस?"

आबांनी मान खाली घातली. राव्दनानेही त्यांची बाजू घेतली नाही. उलट तिनेच त्यांना दवाखान्यात नेलं. नर्सबाईंनी प्रेमाने कागद पुढे केला, घड्याळाचं चित्र काढा म्हणाल्या. आबांनी गोल काढला आणि दोन्ही काटे गोलाच्या बाहेर काढले. शेजारी बसलेल्या माहत्तेने तो कागद पाहिला आणि त्याचा राग तिथेच विरघळला. तेव्हापासून तो आबांशी मोठ्याने आणि सावकाश बोलायला लागला, लहान मुलाशी बोलावं तसं. खरं सांगायचं तर तीही तसंच बोलायला लागली. येत्या शरदात आबांना गावातल्या वृद्धांच्या घरात ठेवायचं ठरलं होतं. ही त्यांची शेवटची खेप.

आणि हिवाळ्यात एकदा रात्री जेवताना माहत्तेने सांगून टाकलं होतं, या वसंतात एक जरी जनावर पाण्यात गेलं तर मी माझी सगळी विकणार आणि मासळीच्या कारखान्यात लागणार. चिडून बोलला असता तर राव्दनाने मनावर घेतलं नसतं. पण तो रस्सा पितापिता, अगदी शांतपणे बोलला, आणि त्याची बायको रिस्तिना ताटात बघत राहिली. म्हणजे दोघांचं आधीच बोलून झालं होतं. माहत्ते गेला की मागे उरणार एकटी राव्दना आणि एक म्हातारा. एवढ्या बळावर कळप राखता येत नाही. तिचीही जनावरं विकावी लागणार, आणि पणज्यापासून चालत आलेली त्यांच्या घराण्याची कानावरची खूण यापुढे एकाही वासराच्या कानावर उमटणार नाही.

हे सगळं आज या काठावर ठरणार होतं, आणि तिला झाड ओळखू येत नव्हतं.

तिने स्वतःला दम दिला. घाबरायचं नाही. एकटी सगळ्यात जुनी, म्हणजे सगळ्यात जाड असणार. तिने जाड झाडं शोधली. एक जवळच होतं. दुसरं मोठ्या धोंड्याच्या पलीकडे होतं. तिसरं बरंच लांब, शेंडा मोडलेलं. नऊ वर्षांची असताना ती आबांच्या मांडीत बसून इथून गेली होती. तिला आठवत होतं ते आभाळ आणि आभाळात एक झाड. ते किती जाड होतं, कुठे वाकलं होतं, हे कोण बघतं? एकच असलेल्या गोष्टीच्या खाणाखुणा कुणी लक्षात ठेवत नाही.

ती जवळच्या जाड झाडापाशी गेली, बुंध्याला पाठ लावली, खाचेकडे पाहिलं. बरोबर वाटलं. मग ती धोंड्यापलीकडच्या झाडापाशी गेली. तिथूनही खाच तितकीच बरोबर वाटली.

ती परत जवळच्या झाडाकडे आली. हीच असेल, ती स्वतःशी म्हणाली, हीच आहे, आणि तिने गब्बाची दोरी ओढली. दोन पावलं बर्फावर गेली. गब्बा हलला नाही. मान खाली घालून तो तिच्या पावलांपुढचं हिम हुंगत राहिला.

"चल ना रे बाबा," ती पुटपुटली.

तेवढ्यात उजवीकडून एक तरणी मादी कंटाळून झाडांतून बाहेर आली आणि सरळ बर्फावर चालत गेली. पहिल्यांदाच गाभण असलेली, अजून अक्कल नसलेली. तिच्यामागे आणखी दोघी निघाल्या. राव्दनाने हात पसरले, पण ओरडायची सोय नव्हती. ओरडलं की बिथरून पुढेच पळणार. मादी दहाएक पावलं गेली असेल, आणि तळ्याच्या पोटातून एक लांब, जाड आवाज आला. बर्फ कण्हला. मादी जागीच थिजली. तिच्या खुरांभोवती हिम हळूहळू काळपट व्हायला लागलं.

राव्दनाची पाचावर धारण बसली.

घसरगाडीतून जिभेचा एक मऊ आवाज आला, टक् टक् टक्. आबा. वासरांना मिठाकडे बोलवायचा तो जुना आवाज. मागच्या दोघी लगेच वळल्या. मादीने कान फिरवले, मान फिरवली, आणि मग एकेक पाय उचलत, जणू पायाखाली काही झोपलंय ते उठू नये अशी, काठाला आली. राव्दनाने तिच्या पुठ्ठ्यावर चापट मारून तिला झाडांत ढकललं. मग ती तिथेच खाली बसली.

"ताई!" माहत्ते. "कसला आवाज झाला?"

"बर्फाचा. ऊन लागतंय ना. होतो तसा."

"पट्टा झाला का?"

"कडी तुटलीय. दोरीने बांधतेय."

"अगं, मी येऊ का पुढे?"

"नको!" ती जरा जास्तच मोठ्याने म्हणाली. "तू मागून हललास तर सगळ्या पांगतील. तिथेच राहा."

वॉकीटॉकी गप्प झाला. ती उठली, घसरगाडीपाशी गेली. आबा खाचेकडे बघत होते. हे सांगण्यापेक्षा बर्फात गेलेलं परवडलं, असं तिला वाटलं. पण मागे अख्खा कळप होता.

"आबा," ती म्हणाली, "मला एकटी सापडत नाहीये."

आबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी सावकाश पहिलं कातडं बाजूला केलं, मग दुसरं. एकेक पाय उचलून गाडीबाहेर ठेवला, कमरेवर हात देऊन उभे राहिले. ज्यावर बसले होते ते शेवटचं कातडं त्यांनी उचललं. त्याखाली मासे धरायला बर्फात भोक पाडायचं गिरमीट होतं.

"हे कुणी ठेवलं इथे?"

"मी. सबंध वाट टोचत होतं मेलं."

राव्दना बघत राहिली. आबांचा आवाज वेगळा नव्हता. वर्षभर ती ज्या माणसाला बूट कुठल्या पायात घालायचा ते सांगत होती, त्याचाच होता. पण त्यात एक चटपटीतपणा होता आणि तो तिने फार दिवसांत ऐकला नव्हता.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं? सापडणार नाही हे?"

"आधी भोक पाड. बोलायला उन्हाळा पडलाय अख्खा."

त्यांनी जनावरं धरायचा दोरीचा फास काढला, तिच्या कमरेला बांधला आणि दुसरं टोक गब्बाच्या खांद्याच्या पट्ट्याला अडकवलं.

"मी गेले तर?"

"तर हा ओढेल. माझ्या भरवशावर राहू नकोस."

तिने मघाचं जाड झाड दाखवलं. आबांनी नाही अशी मान हलवली, तरी म्हणाले, "बघ." तिने काठापासून थोडं आत गिरमीट लावलं आणि फिरवलं. हातभरही गेलं नाही, फस्सकन काळं पाणी वर आलं आणि तिच्या बुटांभोवती पसरलं. इथूनच ती कळप घालणार होती. ती पटकन मागे सरली.

पुढचं भोक धोंड्याच्या पलीकडे. पाणी. मधे कुठेतरी, अंदाजाने. पाणी. तिचे खांदे भरून आले, टोपीखाली केस चिकटले. ऊन आता झाडांच्या शेंड्यांवरून खाली उतरत होतं आणि माद्या काठाने डावी-उजवीकडे पसरायला लागल्या होत्या. चालताना रेनडियरच्या घोट्यांतून होणारा तो कटकट आवाज सगळ्या बाजूंनी यायला लागला. आबा काठाकाठाने पुढे चालत होते, झाडं दोन्ही हातांनी बाजूला सारत, मधूनच त्या माद्यांना जिभेच्या टकटकीने धरून ठेवत.

"गेल्या वर्षी तुम्ही विसरला नव्हता," राव्दना गिरमीट ओढून काढत म्हणाली.

"एकटीच नव्हती, पोरी." आबा थांबले नाहीत. "कधी गेली कुणास ठाऊक. अळ्यांनी खाल्ली असेल, हिमाखाली मोडली असेल. मी आलो तर ही सगळी उभी, आणि ती नाही. मागे कळप, माहत्ते ओरडतोय चला चला. मग गेलो अंदाजाने. तेवढं चुकलं माझं. थांबायला हवं होतं."

"मग तसं सांगायचं ना! झाडच राहिलं नाही म्हणून! वर्षभर आम्ही तुम्हाला..." तिचा आवाज फाटला. "मांस बारीक करून भरवतेय मी तुम्हाला, आबा."

"बरं लागतं," आबा म्हणाले.

"आणि ते घड्याळ?"

आबांना हसू आलं. दात नसलेलं, पोरकट हसू. "घड्याळ काढता येतं गं मला. बाई इतक्या मायेने विचारत होती. म्हटलं, काटे जरा बाहेर फिरायला सोडू."

तिला हसावं की त्यांच्या छातीवर मुठी माराव्यात ते कळेना. तिने गिरमीट पुन्हा लावलं. पाणी.

"का पण?" तिने विचारलं. "का, आबा?"

आबा एका खांद्याएवढ्या झाडाची फांदी बोटात धरून म्हणाले, "पहिल्यांदा ही रोपं आली ना, तेव्हा मीच तुम्हाला बजावायचो. तुडवू नका, एकटीची लेकरं आहेत. एकटीची काडी आपण चुलीत घातली नाही कधी, तर हिच्या पोरांना कसं उपटायचं? बरं वाटायचं मला. म्हातारीला सोबत झाली म्हणायचो." त्यांनी फांदी सोडली. "म्हातारा वाट चुकला तर काय होतं? त्याला मागे बसवतात, दुसरं कुणी पुढे होतं. तू झालीस. पण वाटच राहिली नाही म्हणून सांगितलं असतं, तर माहत्ते थांबला असता? त्याच दिवशी गेला असता. आणि त्याला कोणत्या तोंडाने अडवणार होतो मी?"

राव्दना मान खाली घालून गिरमीट फिरवत राहिली. डोळ्यांतून पाणी येत होतं ते तिने पुसलं नाही, हात मोकळे नव्हते.

"ताई," वॉकीटॉकी बोलला. या वेळी माहत्ते ओरडला नाही आणि म्हणूनच ती जास्त घाबरली. "ताई, खरं सांग. तुला ती ओळखू येत नाहीये का?"

तिने आबांकडे पाहिलं. आबा बर्फाकडे बघत होते.

"गप रे," ती म्हणाली. "दोरी बांधतेय, दोन हात आहेत मला."

"नसेल येत तर परत फिरू. मी काही म्हणणार नाही. पण एकही जनावर मी आता पाण्यात बघणार नाही. सांगून ठेवतो."

"फिरायचं-बिरायचं नाही. थांब जरा."

तिने बटण सोडलं, चार पावलं पुढे सरकली आणि गिरमीट लावलं. समोरची झाडं अगदीच किरकोळ होती, कमरेएवढी, मनगटाएवढीही जाड नसलेली. इथे काही असेल असं वाटण्याजोगं काही नव्हतं. बर्फ लागत गेला. लागतच गेला. पातं पार आत गेलं, मूठ बर्फाला टेकायला आली, आणि मग खालून कर्रकर्र असा दात आंबवणारा आवाज आला.

आबांनी हात वर केला. "थांब. पुन्हा फिरव."

कर्रकर्र. तिने पातं वर काढलं. त्याच्या टोकाला बर्फाच्या भुग्यात करडी खडी चिकटली होती. पाण्याचा थेंब नव्हता.

आबा गुडघ्यांवर बसले, हातमोजा काढला आणि ते खडे बोटांनी चोळून पाहिले. त्यांचे ओठ हलत होते. मग त्यांनी आजूबाजूला, त्या किरकोळ रोपांच्या बुडाशी साचलेल्या हिमाकडे पाहिलं. तिथे कुठेतरी खाली एकटीचा बुंधा पडलेला असेल. त्यांनी उकरून बघितलं नाही.

"खाचेच्या रोखाने अजून पाडत जा," ते उठत म्हणाले. "मी दोरी सोडत येतो."

ती पाडत गेली. दर वेळी पातं खाली जाताना तिचा जीव टांगणीला लागायचा आणि दर वेळी खालून तो खरखरीत आवाज यायचा. एकदा ती जरा डावीकडे सरकली तर बर्फ पातळ लागला आणि पाणी उडालं. ती उजवीकडे आली, पुन्हा खडी. दांडा सापडला होता. तो होता तिथेच होता, इतकी वर्षं.

परत आल्यावर तिने गिरमीट कातड्याखाली सरकवलं. आबा त्यावर बसले, पुन्हा गुरफटून घेतलं, हनुवटी आत ओढली. बघताबघता ते पुन्हा तेच झाले, सामानासारखे आणलेले. राव्दना ते बघत राहिली.

"माहत्ते," तिने बटण दाबलं. "निघतोय. हळू सोड. माझ्यामागे एका ओळीत हव्यात, रुंद पसरू देऊ नकोस."

गब्बाची घंटा वाजायला लागली. या वेळी त्याने नाक खाली घातलं नाही. राव्दनाने खाचेवर नजर लावली आणि पावलं टाकत राहिली, पाडलेल्या भोकांवरून, एकामागून एक. मागे माद्यांचा तो कटकट आवाज बर्फावर आला, मग वाढत गेला, मग सगळं तळं त्याने भरलं. तिने मागे वळून पाहिलं नाही. ती फक्त खाली कान लावून होती. मधोमध आल्यावर, जिथे गेल्या वर्षी ते झालं असेल असं तिला वाटत होतं तिथे, तिने श्वास धरला तो सोडलाच नाही. बर्फ गप्प होता. काठ आला, चढ आला, गब्बा जोर करून घसरगाडी वर घेऊन गेला, आणि मागून माद्या धापा टाकत, एकमेकींना ढकलत वर यायला लागल्या. येतच राहिल्या.

सगळ्यात शेवटी माहत्ते आला. त्याने बर्फगाडी काठावर घातली, बंद केली आणि तळ्याकडे वळून पाहिलं. कळपाच्या खुरांनी तुडवलेला एक सरळ पट्टा होता. भोकं त्यात कुठल्याकुठे गेली होती. पाण्यात काही नव्हतं. त्याने टोपी काढली, केसांतून हात फिरवला, आणि वर्षभरात पहिल्यांदा राव्दनाने त्याला दात दाखवून हसताना पाहिलं.

"ओळखलीस तर!" तो तिच्या खांद्यावर थाप मारत म्हणाला. "मला वाटलं गेलं सगळं. खरं सांगतो, रिस्तिनाला काय सांगायचं ते मनात जुळवत होतो मी."

राव्दनाने घसरगाडीकडे पाहिलं. आबा गब्बाला मूठभर दगडफूल चारत होते.

"ओळखली," ती म्हणाली.

"इतक्या झाडांतून?"

"पट्टा बांधून मान वर केली तर समोरच."

"वा रे माझी ताई!" तो म्हणाला. मग जरा थांबून, पायाने हिम उकरत, "पुढच्या वर्षी मी येतो तुझ्याबरोबर पुढे. मलाही दाखवून ठेव. घरात एकालाच ठाऊक असून चालत नाही."

"दाखवीन."

पुढच्या वर्षी. तो म्हणाला होता पुढच्या वर्षी. राव्दनाने खालचा ओठ दातांत धरला.

माहत्ते आबांपाशी गेला, त्यांच्यासमोर उकिडवा बसला आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "आबा! ताईने एकटी ओळखली हं! पहिल्याच नजरेत! तुम्हाला दिसली का?"

राव्दना एक पाऊल पुढे आली. तिचं तोंड उघडलं होतं. आबांनी तिच्याकडे पाहिलं, अगदी निमिषभर, स्वच्छ नजरेने. मग ती नजर त्यांनी माहत्तेकडे वळवली आणि वळतावळता ती रिकामी झाली.

"कोण एकटी?" त्यांनी विचारलं.

माहत्तेचा चेहरा पडला. त्याने हळूच आबांच्या हातातलं उरलेलं दगडफूल काढून घेतलं, त्यांचे हातमोजे शोधून एकेक बोट नीट घालून दिलं आणि कातडं गळ्यापर्यंत वर ओढलं.

"कुणी नाही, आबा," तो म्हणाला. "बसा तुम्ही आरामात."

राव्दनाने पाठ वळवली, दोरी हातात घेतली आणि खाचेकडे चालू लागली.